देणं दिवाणी, धमकी फौजदारी

मार्चअखेरचे दिवस. बँकेच्या जीपमध्ये आम्ही पाच जण आणि मागे दोन हलगीवाले. तालुक्याच्या गावात एका प्राथमिक शिक्षकाच्या दारात जीप थांबली. कर्ज त्यांचं नव्हतंच. मेहुण्याच्या ट्रॅक्टरला ते जामीनदार होते, आणि मेहुणा गाव सोडून गेला होता. हलगी कडाडली तशी गल्ली गोळा झाली. आमच्यातल्या एकाने थकबाकीचा आकडा नावासकट मोठ्याने वाचला. गुरुजी उंबऱ्यात उभे होते, त्यांच्या शाळेतली दोन पोरं समोरच्या ओट्यावरून बघत होती. या प्रकाराला आम्ही 'गांधीगिरी' म्हणायचो. चौथ्या दिवशी रक्कम भरली गेली. बाईंच्या पाटल्या मोडल्या होत्या, हे पुढे गावच्या सराफाकडून कळलं. मी फाईलवर 'वसुली पूर्ण' असा शेरा मारला आणि खाली सही केली.

सहकारी बँकेतल्या माझ्या नोकरीची अकरा वर्षं वसुलीत गेली. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे, ते टेबलाच्या दोन्ही बाजू पाहून लिहितो आहे. जामीनदाराकडून पैसे मागायचा बँकेला पूर्ण हक्क होता. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पण गुरुजींच्या दारात हलगी वाजवायचा हक्क आम्हाला कोणत्या कायद्याने दिला होता? हा प्रश्न त्या अकरा वर्षांत कार्यालयात कुणी विचारला नाही. मीही विचारला नाही, आणि त्याची मला आज लाज वाटते.

हलगीची जागा आता मोबाईलने घेतली आहे. ओळखीपाळखीतून रोज कुणी ना कुणी फोन पुढे करतं आणि म्हणतं, "काका, हे जरा ऐका." पलीकडचा आवाज कधी 'कोर्टातून बोलतोय' म्हणतो, कधी 'पोलीस निघालेत, तासाभरात पोचतील' म्हणतो. बाईने उचलला तर बोलण्याची पातळी आणखी खाली जाते. नवऱ्याने बावीस हजारांचा मोबाईल हप्त्यावर घेतलेला असतो आणि शिव्या बायकोने खायच्या असतात. ही माणसं पोलीस ठाण्यात गेली की ठाणे अंमलदार विचारतो, "पैसे घेतलेत ना? मग भरून टाका की." माणूस खाली मान घालून घरी येतो.

माझं म्हणणं नेमकं याच वाक्याविरुद्ध आहे. पैसे घेतले, हे खरं. न भरणं ही दिवाणी बाब आहे, तिच्यासाठी दिवाणी न्यायालय आहे, लवाद आहे, कर्जवसुली न्यायाधिकरण आहे. धमकी देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि तो देणेकऱ्याच्या बाबतीत घडला म्हणून लहान होत नाही. ज्याच्याकडे माझे पैसे अडकलेत त्याच्या घरात घुसून मी त्याला मारलं, तर पोलीस 'तुमचे पैसे होते ना' म्हणून मला सोडणार नाहीत. मग कंपनीच्या माणसाला वेगळा न्याय का?

'तगादा' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि इथे चांगलाच रुजला. पेशवाई बुडाल्यावर १८१९ मध्ये इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात या तगाद्याचं वर्णन आहे. सुरुवात साध्या मागणीने व्हायची, मग दारात पहारा बसायचा, मग देणेकऱ्याचं खाणंपिणं रोखायचं, आणि शेवटी भर उन्हात डोक्यावर धोंडा देऊन त्याला एका पायावर उभं करायचं, इथपर्यंत मजल जायची. सावकाराने देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसायचं, म्हणजे धरणं धरायचं, ही आणखी एक रीत. पुढे इंग्रजांचं दिवाणी न्यायालय आलं, पण त्याने अन्याय दुसऱ्या दाराने आत घेतला. वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याची निशाणी घेतलेलं कर्जखत कोर्टात दाखवलं की हुकूमनामा तयार. त्या हुकूमनाम्यावर जमीन जायची, माणूस तुरुंगातही जायचा.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. या दंग्यांत माणसं फारशी मारली गेली नाहीत. लोकांना हवे होते ते कागद. खतं, रोखे, हुकूमनामे बाहेर काढून त्यांनी जाळले, आणि जिथे ते मुकाट्याने हाती लागले तिथे बहुतेक वेळा पुढे मारहाण झाली नाही. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. त्या कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासायचा अधिकार दिला आणि शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकणं बंद केलं.

ही हकिकत मी हौसेने सांगत नाही. वसुली कशी करायची हा सावकार आणि कुळ यांच्यातला खासगी मामला नसून राज्याने हात घालायचा सार्वजनिक प्रश्न आहे, हे इथे परक्या सरकारनेसुद्धा जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी मान्य केलं होतं. त्याआधीपासून दामदुपटीचा दंडक होताच, म्हणजे व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागायचं नाही. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने आणि त्याच्या जागी आलेल्या २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाने ऋणकोला त्रास देणं हाच गुन्हा ठरवला. कायद्याने त्रासाची व्याख्याही केली आहे. धाकदपटशा करणं, माणसाच्या मागे मागे फिरणं, त्याच्या घराच्या आसपास घुटमळणं, हे सगळं त्यात येतं. गावच्या परवानाधारक सावकाराला जे करायला बंदी आहे, तेच आज टाय लावलेल्या कंपनीने नेमलेल्या एजन्सीचा मुलगा दुचाकीवरून येऊन करतो. २०१४ चा कायदा मात्र त्याला लागू होत नाही. बँका त्या कायद्याच्या बाहेर आहेत. आणि रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला. माझ्या मते आजची सगळ्यात मोठी फट ही आहे.

या धंद्याची आतली रचनाही सांगायला हवी. हप्ता चुकला की खातं 'बकेट'मध्ये जातं. तीस दिवसांची एक बकेट, साठची दुसरी, आणि नव्वद दिवस उलटले की खातं अनुत्पादित होतं. सुरुवातीचे फोन कंपनीचेच असतात. पुढे खातं एजन्सीकडे जातं आणि एजन्सीला वसूल झालेल्या रकमेवर कमिशन मिळतं. फोन करणाऱ्या मुलाला महिन्याचं टार्गेट असतं, पगार बेताचा असतो, आणि बऱ्याचदा त्याच्या स्वतःच्या डोक्यावरही एखादा हप्ता असतो. त्याच्यावर राग काढून फारसं काही साधत नाही. कोर्टात जायचं तर वकील, फी, तारखा आणि वर्षं लागतात. शरमेला काहीच खर्च येत नाही. शेजाऱ्याला एक फोन केला की काम होतं. आपल्याकडे 'लोक काय म्हणतील' ही भीती इतकी खोल आहे की कंपन्यांना दुसरं तारण लागतच नाही.

नियम नाहीत असं नाही. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्वच्छ लिहिलं की थकलेल्या कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, चारचौघांत अपमान, निनावी किंवा धमकीचे फोन, सतत फोनचा मारा, समाजमाध्यमांवर अश्लाघ्य मेसेज, खोटी माहिती, या सगळ्याला मनाई आहे. घरच्यांच्या, मित्रांच्या आणि ज्यांचे नंबर 'रेफरन्स' म्हणून दिलेत त्यांच्या खासगीपणात घुसायलाही मनाई आहे. रेफरन्स म्हणजे जामीनदार नव्हे, हे त्या बिचाऱ्या मित्रांनाच माहीत नसतं. एजंटकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र हवं. वसुलीचं काम कोणत्या एजन्सीला दिलंय हे बँकेने कर्जदाराला आधी कळवायला हवं. एजन्सीने केलेल्या वागणुकीची जबाबदारी बँकेचीच, 'तो आमचा माणूस नाही' म्हणून हात झटकता येत नाहीत. २००८ पासून बँकांना आणखी एक सूचना आहे, ती मी स्वतः नोकरीत असताना फारशी पाळली गेलेली पाहिली नाही. कर्जदाराने खरी तक्रार केली असेल, तर तिचा निकाल लागेपर्यंत ते खातं वसुली एजन्सीकडे द्यायचं नाही.

मोबाईलवरच्या कर्ज-अ‍ॅपांसाठी सप्टेंबर २०२२ पासून वेगळे नियम आहेत. अ‍ॅपला तुमची संपर्कयादी, फोटो, कॉलची नोंद यांत हात घालता येत नाही आणि पैसे थेट कर्जदाराच्या बँक खात्यातच आले पाहिजेत. ज्या अ‍ॅपमागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली कंपनीच नाही, ते हे नियम कशाला पाळेल? फोटोत फेरफार करून नग्न चित्रं नातेवाइकांना पाठवणाऱ्या टोळ्या त्यांतल्याच. तिथे कर्जाची भाषाच विसरायची आणि सरळ १९३० या सायबर हेल्पलाइनवर खंडणीची तक्रार करायची. अशा अनधिकृत धंद्याला रोखणाऱ्या केंद्रीय कायद्याचा मसुदा डिसेंबर २०२४ मध्ये हरकती-सूचनांसाठी जाहीर झाला होता. त्याची गरज त्याच्याही कितीतरी आधीपासून होती.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो बायकांच्या गटकर्जाबद्दल. गल्लीत दहा-बारा जणींचा गट, आठवड्याला किंवा पंधरवड्याला मीटिंग, 'साहेब' येतो, सतरंजीवर बसून पैसे मोजले जातात. एकीचा हप्ता नाही आला की मीटिंग सुटत नाही. बाकीच्या बायकांना बसवून ठेवलं जातं. कुणाची पोरं शाळेतून यायची असतात, कुणाची मजुरी बुडत असते, आणि त्यांचा सगळा राग त्या एकीवर निघतो. कधी सगळ्या मिळून तिच्या घरी जाऊन बसतात, अंधार पडला तरी उठत नाहीत. कंपनीच्या माणसाला आवाज चढवायचीही गरज पडत नाही. एल्फिन्स्टनने ज्या धरण्याबद्दल लिहिलं ते हेच, फक्त आता सावकाराऐवजी शेजारीण बसवली जाते. वर्षानुवर्षं एकमेकींच्या बाळंतपणाला धावलेल्या बायका एका हप्त्यावरून बोलेनाशा होतात, आणि हे नुकसान कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने १४ मार्च २०२२ रोजी निर्देश काढले. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल तर दिलेलं विनातारण कर्ज सूक्ष्मवित्त ठरतं. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाता कामा नयेत. वसुलीची वेळ इथे आणखी कमी, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. वसुली ठरलेल्या जागीच व्हावी. लागोपाठ दोनदा बाई तिथे आली नाही, तरच तिच्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी जाता येतं. आता चार कंपन्यांची कर्जं एकाच घरात असतात, तेव्हा ती निम्म्याची मर्यादा कुणी मोजली होती? मर्यादा मोडून कर्ज देणारा वसुलीला मात्र नियमाची भाषा बोलतो. ज्याने न झेपणारं कर्ज गळ्यात घातलं त्याचाही या थकबाकीत वाटा आहे, हे आपण कधी उघड बोलणार?

आता यावरची हरकत. ती माझ्याच जुन्या सहकाऱ्यांची आहे आणि मी ती हलकी मानत नाही. पतसंस्थेतला पैसा निवृत्त माणसांचा, विधवांचा, पोरीच्या लग्नासाठी साठवणाऱ्यांचा असतो. कर्जदाराने बुडवलं की त्यांचं बुडतं. महाराष्ट्रात पतसंस्था बुडाल्यावर ठेवीदारांचे जे हाल झाले ते मी डोळ्यांनी पाहिलेत. बुलेटवरून फिरणारा, नव्या बंगल्याची वास्तुशांत करणारा थकबाकीदारही पाहिलाय. पण त्या अकरा वर्षांत मी हेही पाहिलं की बुलेटवाला हलगीला भीत नाही. त्याच्याकडे वकील असतो, ओळखी असतात, कधी संचालक मंडळात पाहुणाही असतो. हलगीला गुरुजी भितात. धाकाने पैसा निघतो तो ज्याला अब्रू आहे त्याच्याकडून, आणि तो निघतो पाटल्या मोडून, शेत गहाण टाकून, नाहीतर दुसऱ्या अ‍ॅपवरून काढलेल्या कर्जातून. जो सर्वांत मोठ्याने ओरडतो त्याचा हप्ता आधी भरला जातो आणि ज्या कर्जावर राहतं घर अवलंबून आहे ते मागे पडतं. ठेवीदाराचं रक्षण करायचं तर बुलेटवाल्यावर कायद्याचा बडगा हवा, आणि कायद्याने तो आम्हाला दिलेला होता.

थोडाथोडका नव्हे. सहकारी संस्थेला महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला मिळतो आणि तिचा वसुली अधिकारी जप्ती करू शकतो. त्या दाखल्याविरुद्ध वर दाद मागायची तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. सहकारी बँकांना सरफेसी कायदा, म्हणजे कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा, वापरता येतो, हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये पक्कं केलं. इतकी हत्यारं हाती असताना जो धाक दाखवतो, तो नाइलाजाने नव्हे, सोयीसाठी दाखवतो.

कर्जदारालाही खोटा दिलासा द्यायचा नाही. 'कर्ज दिवाणी असतं, काही होत नाही' असं सांगणारे व्हिडिओ मी पाहतो तेव्हा काळजी वाटते. चेक वटला नाही तर चेकविषयीच्या परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होतो, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खात्यातून आपोआप हप्ता कापायची परवानगी दिली असेल आणि तो परत गेला, तरी तशीच तरतूद आहे. अशी नोटीस आली तर पंधरा दिवस हातात असतात, त्यात गप्प बसायचं नाही. घर तारण असेल तर आधी साठ दिवसांची लेखी नोटीस येते. तिला हरकत घेतली तर बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ताब्याची कारवाई झाली तर पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं, जरी त्यासाठी खेड्यातल्या माणसाला मुंबई, पुणे, नागपूर अशी शहरं गाठावी लागली तरी. शेतजमिनीच्या तारणाला सरफेसी लागू नाही. 'उद्या येऊन कुलूप लावतो' म्हणणाऱ्या फोनला यातलं काहीच ठाऊक नसतं, किंवा ठाऊक असून तो ते लपवतो.

गाडीचंही तसंच. 'सीझिंग'वाले भर रस्त्यात चावी काढून घेतात आणि गाडी यार्डात नेऊन लावतात. वसुलीसाठी बँकांनी गुंड वापरू नयेत, गाडीचा ताबा कायद्याच्या मार्गानेच घ्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच बजावलं होतं. पाटणा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा जबरदस्तीला जगण्याच्या हक्कावरचा घाला म्हटलं. आमच्या हलगीची जात ज्या प्रकाराशी जुळते, त्यावर डिसेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालय बोललं. थकबाकीदारांचे फोटो फलकावर लावणाऱ्या एका सहकारी सोसायटीला न्यायालयाने सांगितलं की माणसाची प्रतिष्ठा पणाला लावून वसुली करता येत नाही.

आणि अटक? साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला अटक करताच येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५६ तसं स्पष्ट सांगतं. पुरुषाच्या बाबतीतही, निव्वळ गरिबीमुळे पैसे देता आले नाहीत म्हणून तुरुंगात टाकणं घटनेत बसत नाही, असं न्या. कृष्ण अय्यर यांनी १९८० च्या निकालात म्हटलं आहे. त्याच संहितेचं कलम ६० मी एकदा एका बाईंना वाचून दाखवलं. जप्तीत अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारं, शेतीची अवजारं घेता येत नाहीत. आणि धार्मिक रिवाजाप्रमाणे जे दागिने स्त्री अंगावरून काढू शकत नाही, तेही घेता येत नाहीत. 'मंगळसूत्र काढून ठेव' असा फोन त्यांना आदल्या दिवशी आला होता. त्यांनी मला ते कलम पुन्हा एकदा वाचायला लावलं.

म्हणून ज्याचा फोन वाजतो आहे त्याला मी एवढं सांगतो. पहिल्यांदा घरात सांगा. लपवलेल्या कर्जावरच हा सगळा धंदा चालतो. बायकोला, वडिलांना, साहेबांना आपण आधीच सांगितलं असेल तर 'त्यांना सांगतो' या धमकीत उरतं काय? मग वही काढा आणि फोनची तारीख, वेळ, नंबर, नाव, एजन्सी, काय बोलला ते लिहा. कॉल रेकॉर्ड करा, मेसेज पुसू नका. दारात आलेल्याकडे ओळखपत्र आणि अधिकारपत्र मागा, त्याचा फोटो घ्या. पैसे कधीही त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर देऊ नका. शाखेत भरा किंवा कर्जखात्यात भरा आणि पावती घ्या. कोरे चेक, कोरे स्टॅम्प पेपर सही करून देऊ नका. तडजोड ठरली तर ती बँकेच्या लेटरहेडवर हवी, आणि रक्कम भरल्यावर बेबाकीचा दाखला हवा. 'लोकअदालतीची नोटीस' म्हणून फोनवर काही आलं तर घाबरू नका. लोकअदालतीत दोघांच्या संमतीनेच तडजोड होते, शिक्षा होत नाही. मात्र नोटीस खरी आहे का, हे न्यायालयात जाऊन विचारा, कारण खरी असेल तर ती हप्ते बांधून घ्यायची चांगली संधी असते.

तक्रार आधी बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी करा आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत नाहीत, त्यांच्याविरुद्ध सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे जायचं. बिगरपरवाना सावकाराची तक्रारही तिथेच. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं, स्त्रियांना तर उत्पन्नाची अटही नाही, फोन १५१००. आणि रात्रीची झोप उडाली असेल, मनात भलतेसलते विचार येत असतील, तर १४४१६ वर बोला. कुठल्याही कर्जाची किंमत जिवाइतकी नसते. वसुली करत असताना ज्या एका घरी मी दहाव्याला गेलो, तिथून परतल्यापासून हे मी प्रत्येकाला सांगत आलो आहे.

पोलीस ठाण्यात जाताना अर्जात कर्जाची कहाणी लिहू नका. 'अमुक तारखेला, अमुक नंबरवरून, अमुक शब्दांत धमकी दिली' एवढंच लिहा. भारतीय न्याय संहितेत धमकीला कलम ३५१ आहे, खंडणीला ३०८, स्त्रीच्या विनयाचा अपमान करणाऱ्या शब्दांना ७९, सरकारी नोकर असल्याचं भासवण्याला २०४. नुसती धमकी बऱ्याचदा एनसी, म्हणजे अदखलपात्र, म्हणून नोंदवून सोडून दिली जाते. दखलपात्र गुन्हा असूनही ठाण्याने नोंदवला नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी द्या, तिथेही नाही झालं तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

पण हे सगळं ज्याने करायचं तो आधीच खचलेला असतो. एकेकट्या माणसाने वही घेऊन लढावं, एवढ्यावर राज्याने समाधान मानू नये. शेजारच्या कर्नाटकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सूक्ष्म आणि छोट्या कर्जांच्या जबरी वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला, त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड ठेवला. तामिळनाडूनेही त्याच वर्षी कायदा केला. ज्या भूमीवर १८७५ घडलं, त्या महाराष्ट्राने कर्ज कोण देतो हे न पाहता वसुलीची कृती पाहणारा कायदा करायला हवा. सावकार असो, पतसंस्था असो, कंपनी असो की अ‍ॅप, दारात येऊन धाक घालणं हा एकच गुन्हा, दखलपात्र. ज्या एजन्सी जिल्ह्यात वसुली करतात त्यांची आणि त्यांच्या माणसांची यादी पोलीस अधीक्षकांकडे असावी. कर्जाचा कागद मराठीत असावा. कर्जदाराला समजणारी भाषा वापरा असं रिझर्व्ह बँकेची आचारसंहिता वित्त कंपन्यांना सांगतेच, तरी मी पाहिलेल्या कितीतरी फाईलींत सही तेवढी मराठीत असते. आणि पहिल्याच पानावर, हप्त्याच्या आकड्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, वसुलीच्या वेळा आणि तक्रारीचा नंबर छापलेला असावा.

कलम दोनदा वाचायला लावणाऱ्या त्या बाई गेल्या महिन्यात भेटल्या. शिवणकाम करतात. एजंट परत आला होता. त्यांनी दारातच उभं राहून त्याच्याकडे अधिकारपत्र मागितलं. तो म्हणाला, उद्या आणतो. तो आलेला नाही. त्या स्वतः शाखेत गेल्या, जमेल तेवढी रक्कम भरली, पावती पिशवीतून काढून मला दाखवली. अजून अकरा हप्ते बाकी आहेत.